तुम्ही विचारलंत म्हणून: कॅमेरा कोणता घेऊ?

कॅमेरा ट्रॅप म्हणजे रानात बांधून ठेवायचा, जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. त्यात आलेला बिबट्याचा फोटो मोबाइलवर दाखवला की पुढचा प्रश्न ठरलेला: "आम्हालाही बागेत लावायचाय, कॅमेरा कोणता घेऊ?" परवडेल तो घ्या. फक्त रात्रीचा दिवा तेवढा बघून घ्या. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा इन्फ्रारेड दिवा लांब पोचतो, पण अंधारात मंद लाल दिसतो, जनावराला आणि चोरालाही. ९४० वाला दिसत नाही. त्याचा पल्ला कमी, तरी मी तोच घेईन.

खरं काम जागा शोधण्याचं. कॅमेऱ्याला जागं करणारा आतला सेन्सर जनावर ओळखत नाही. भोवतालापेक्षा वेगळ्या तापमानाचं काहीतरी समोरून हललं की तो जागा होतो, बस. आता मे महिन्याच्या दुपारी सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, उभे राहा. कातळच अंगाएवढा तापलेला, मग कोल्हा समोरून गेला तरी फोटो निघेलच असं नाही. उलट वाऱ्यावर डोलणारं तापलेलं गवत कार्ड भरून टाकतं. म्हणून उघडा सडा सोडून व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, उतरणारी सावलीतली वाट धरावी, समोरचं गवत कोयतीने साफ करावं आणि लेन्स उगवतीमावळतीकडे ठेवू नये.

खाडीकाठी वेगळीच पंचाईत. पाणमांजर पाण्यातून निघतं तेव्हा त्याची ओली लव वरून थंडगार असते, सेन्सरला ते पुष्कळदा कळतच नाही. तिथे ठरावीक मिनिटांनी आपोआप फोटो काढण्याचं सेटिंग बरं.

कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाटेला तिरका बांधावा. छातीएवढ्या उंचीवर बांधलात तर साळिंदर खालून निघून जाईल. बिबटे वेगवेगळे ओळखायचे असतील तर वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक लागतो, कारण डाव्या आणि उजव्या कुशीवरचे ठिपके सारखे नसतात. दोन्ही अगदी समोरासमोर नकोत, एकाचा फ्लॅश दुसऱ्याचा फोटो खातो. निघण्याआधी स्वतः ओणवं होऊन समोरून चालून बघा. कोणी बघितलं तर हसेल, हसू दे.

पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि झाकणाचं रबर पुसून मगच बंद करा. मुंग्यांना हे घर फार आवडतं.

परवानगीचं मात्र कोणी विचारत नाही. वनखात्याच्या जमिनीवर त्यांच्या परवानगीशिवाय कॅमेरा लावायचा नाही. कोकणातलं बरंचसं रान खासगी, तिथे मालकाला विचारायचं, आणि वाडीत सांगायचंच. लाकडाला जाणाऱ्या बायका त्याच वाटेने जातात. त्यांचे फोटो आले तर लगेच पुसायचे, कोणाला दाखवायचे नाहीत.

आणि खवले मांजर आलं, तर तो फोटो वाडीच्या ग्रुपवरसुद्धा नको. १९७२च्या वन्यजीव कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे, तरी खवल्यांसाठी मारलं जातं. मागचा एखादा धोंडा दिसला तरी गावच्या माणसाला जागा कळते. माझ्याकडे तसा फोटो आहे का, तेही विचारू नका.