मार्शल बाग्राम्यान स्टेशन

लेक आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला मेडिकलला आहे, तिला भेटायला आलोय. आज मेट्रोत 'मार्शल बाग्राम्यान' स्टेशन लागलं. हा कोण बुवा, म्हणून रात्री वाचत बसलो. आर्मेनियन रेल्वे कामगाराचा मुलगा. १९१८ मध्ये सरदारापातला तुर्कांशी लढला. पुढे सोव्हिएत सैन्यात. १९४१ मध्ये कीवला या सैन्याला जर्मनांचा वेढा पडला, आघाडीचा सोव्हिएत सेनापती किरपोनोस मारला गेला; हा मात्र माणसं घेऊन वेढा फोडून बाहेर आला. (मला एवढं एकच पराक्रम म्हणून जन्मभर पुरलं असतं!) मग बाल्टिक आघाडीचं नेतृत्व, १९४४ मध्ये रीगाच्या आखातापर्यंत धडक, १९५५ मध्ये मार्शल. 'सोव्हिएत संघाचा वीर' किताब दोनदा, दुसरा ऐंशीव्या वाढदिवसाच्या निमित्ताने.

लेकीला सांगितलं तर म्हणते, "बाबा, मी तिथे रोज उतरते. मला वाटलं, नुसतं स्टेशनचं नाव."