गोंझागाचे कोर्रादी

कालपासून एकच गोष्ट टोचतेय. गावाचं नाव आडनावाला चिकटतं ते गाव सोडणाऱ्याच्या. जे मागे राहतात त्यांना ते कोण लावणार? तिथे सगळेच त्या गावचे.

इटलीतलं गोंझागा घ्या. मांतोव्हा शहराच्या दक्षिणेला, पो नदीपलीकडचं सपाट शेतीचं गाव. तिथलं घराणं मुळात कोर्रादी. पोलिरोनेच्या बेनेडिक्टाइन मठाच्या जमिनींवर ते वर आलं, शहरात गेलं आणि ‘कोर्रादी दा गोंझागा’, म्हणजे गोंझागाचे कोर्रादी, झालं. 16 ऑगस्ट 1328 ला या घराण्यातल्या लुइजीने तिथल्या सत्ताधारी बोनाकोल्सींना हुसकून मांतोव्हा घेतलं. पुढे कोर्रादी गळालं, ‘दा’ही गळाला. घराण्याला 1433 ला मार्क्विसची पदवी मिळाली, 1530 ला त्याहून वरची ड्यूकची. संत अलॉयसियस गोंझागा जन्मले कास्तिल्योनेत, वारले रोममध्ये. त्यांच्या नावाचं विद्यापीठ अमेरिकेत. गावाच्या पदरात काय? उगाचच राग येतो. कुणाचा, ते जाऊ दे.

अशा आडनावाचा माग काढायला म्हणूनच गावापासून सुरुवात करू नये. उलटं जायचं. आधी नगरपालिकेची जन्म-विवाह-मृत्यूची नोंद, बहुतेक ठिकाणी 1866 पासूनची. काही भागांत त्याआधीची नेपोलियनच्या काळातली. मग चर्चच्या वह्या, ज्या 1563 नंतर, कॅथलिक चर्चच्या त्रेंतो परिषदेच्या हुकुमामुळे रुळल्या. त्याहून मागे नोटरींची दप्तरं. घात होतो तो तिथे. तेराव्या शतकातलं ‘दा गोंझागा’ हा कित्येकदा नुसता पत्ता असतो. बाप, मुलगा, नातू, तिघांनी मुक्काम हलवला आणि तरी तेच लागलं, तरच ते आडनाव धरावं. बायकांचा माग त्या मानाने सोपा, लग्नानंतरही नोंदीत माहेरचंच आडनाव राहतं.

आणि एकाच गावातून निघालेल्या, एकमेकांशी काडीचं नातं नसलेल्या दोघांनाही तेच नाव लागू शकतं. त्यामुळे आडनाव जुळलं म्हणून ड्यूकांशी सोयरीक जोडण्यात अर्थ नाही. हे अप्पांना सांगायची सोय नाही.

तसं आपल्याकडे काय वेगळं आहे? दीनानाथांनी मंगेशीवरून मंगेशकर लावलं; मंगेशीतच राहणाऱ्याला त्याची गरजच काय? आपण सगळे ‘कर’ म्हणजे गेलेल्यांची पिलावळ, आणि रुसायचं गावाच्या वतीने!

मांतोव्हाची थेट शाखा 1627 ला संपली, दुसऱ्या शाखेतला शेवटचा ड्यूक 1708 ला पदुआत वारला. गाव आहे, जत्राही भरते. तिथल्या लोकांच्या कागदांवर गोंझागा येतं ते रहिवासाच्या रकान्यात, आडनावं भलतीच. चालायचंच.