टोरांटो–व्हँकूव्हर रेल्वे : पोहोचायच्या दिवशीचं विमान काढू नका

गाडी व्हँकूव्हरला पोहोचते त्या दिवशीचं विमान अजिबात काढू नका. मध्ये निदान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा. आमच्या एजंटने "पाचव्या दिवशी सकाळी आठला उतरता, दुपारचं विमान आरामात मिळेल" असं छातीठोकपणे सांगितलं. गाडी पोहोचली दुपारी तीनला. दोघांची तिकिटं वाया गेली.

4,466 किलोमीटर, चार रात्री. पण अडचण अंतराची नाही, रुळांची आहे. रूळ बहुतेक सगळे मालगाड्या चालवणाऱ्यांचे, आणि बराचसा मार्ग एकेरी. तीन-तीन किलोमीटर लांबीच्या मालगाड्या क्रॉसिंगच्या लाईनीत मावतच नाहीत, म्हणून साईडला टाकतात ती आपली गाडी. हे एजंटला माहीत असायलाच हवं होतं.

सडबरी सुटल्यापासून सू लुकआउटपर्यंतचा उत्तर ऑन्टारिओचा पट्टा सगळ्यात वाईट. जंगल, तळं, खडक, पुन्हा जंगल. मोबाइलला रेंज नाही, गाडीत वायफाय नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एका जागी एक तास पन्नास मिनिटं उभे होतो. खिडकीसमोर भूर्जाचं झाड होतं, त्याची मोडलेली फांदी नुसत्या सालीवर लोंबकळत होती. शेवटी मालगाडी आली. एकावर एक दोन कंटेनर चढवलेले, 140 पर्यंत मोजले आणि सोडून दिलं. ती गेली तरी आम्ही तिथेच, कारण मागून आणखी एक येत होती. या पट्ट्यासाठी चिवडा, दशम्या, पुस्तक, जे लागेल ते टोरांटोहूनच घ्या.

इकॉनॉमीच्या खुर्चीत चार रात्री काढायच्या फंदात पडू नका. पाठ मागे जाते, पण आडवं होता येत नाही. शॉवर नाही, जेवणाचे पैसे वेगळे. बर्थच्या भाड्यात जेवण आणि शॉवर दोन्ही येतं. घ्यायचा तो खालचाच, वरच्याला खिडकी नसते.

विनिपेगला गाडी बराच वेळ थांबते. स्टेशनच्या मागेच फोर्क्स मार्केट आहे, उघडं असेल तर खाणं भरून घ्या. तिथून एडमंटनपर्यंत सपाट आणि सुरळीत.

जास्परला मात्र गाडी सुटायच्या आधीच काचेच्या छताच्या डोम डब्यात जागा धरा, उजवीकडची. 3,954 मीटरचा माउंट रॉब्सन त्याच बाजूला येतो. आम्हाला शिखरावर एकही ढग नव्हता. सगळा डबा उभा राहिला होता.

वेळेवर असती तर गाडीने फ्रेझर नदीची दरी अंधारातच ओलांडली असती. आम्हाला ती भर उन्हात मिळाली. खाली गढूळ, फेसाळलेलं पाणी, दोन्ही काठांना एकेक रेल्वे. सिस्कोला दोन्ही रेल्वे पुलांवरून आपापले काठ बदलतात, ते पूल अगदी समोर दिसले. बायको घड्याळ दाखवत होती, विमानाची वेळ जवळ येत होती, आणि मी डोममधून खाली यायला तयार नव्हतो.