सड्याच्या सातबाऱ्यावरील ४३ नावे

राजापूर तालुक्यातील आमच्या गावाच्या माथ्यावर जांभ्या कातळाचा सडा, म्हणजे उघडे पठार, आहे. सातबाऱ्यावर त्याची नोंद ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीस अयोग्य, अशी आहे; परंतु मृगाच्या सरी पडल्या की कातळाच्या फटींतील बोटभर मातीतून दिपकाडीची पांढरी फुले वर येतात, भाद्रपदात सीतेच्या आसवांनी माथा जांभळा होतो आणि उन्हाळ्यात टिटवी उघड्या कातळावर अंडी घालते, ती खड्यांतून ओळखायला मला आजही खाली बसावे लागते. मुले तेथेच क्रिकेट खेळतात, म्हातारी माणसे संध्याकाळी वाऱ्याला येऊन बसतात. शेजारच्या सड्यावर चिरेखाण, म्हणजे बांधकामासाठी जांभ्याचे चिरे काढायची खाण, सुरू झाली, तेव्हा आपला सडा राखायचा असे आम्ही पाच-सहा जणांनी ठरविले.

पहिला अर्ज चुकला. सिंधुदुर्गातील तिलारीचे जंगल २०२० मध्ये संवर्धन राखीव झाले होते, म्हणून आम्हीही तेच मागितले. ती तरतूद शासकीय जमिनीसाठी असते; खासगी किंवा गावाच्या जमिनीसाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३६ सी खाली सामुदायिक राखीव क्षेत्र जाहीर होते, हे एका वनपालांनी समजावून सांगितले.

खरे काम मालकांच्या संमतीच्या सह्यांचे होते. सातबाऱ्यावर ४३ सहहिस्सेदार, त्यांतले निम्म्याहून अधिक मुंबईत, काहींच्या वारसनोंदी राहिलेल्या. पत्रांना उत्तरे आली नाहीत, म्हणून शिमग्याला पालखी ज्या घरी जाईल तेथे आम्ही कागद घेऊन जाऊ लागलो. एका चुलत काकांनी थेट विचारले, “जमीन सरकारजमा होणार, असं ऐकलं. खरं का रे?”

“नाही काका, मालकी तुमचीच राहील. व्यवस्थापन समितीवर जमिनीचे मालक, वन विभागाचा प्रतिनिधी आणि ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतील. पण एकदा जाहीर झालं, की समितीचा ठराव आणि शासनाची मान्यता यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येणार नाही. म्हणजे चिरा काढायला देता येणार नाही.”

हे शेवटचे वाक्य सांगू नये, सह्या लवकर मिळतील, असे आमच्यातील एकाचे मत होते. मला ते पटले नाही. पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन बांधून घेताना अट झाकून घेतलेली सही मला नको होती, आणि त्यामुळे एक शिमगा व दोन गणपती गेले, तरी त्याचे मला वाईट वाटत नाही. काकांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला आणि त्या दिवशी सही केली नाही. गणपतीला आले, तेव्हा नातवाला घेऊन सड्यावर गेले आणि परतल्यावर आपणहून पेन मागितले.

एका कुटुंबाचा नकार कायम राहिला. त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च खरा आहे, त्यामुळे आम्ही त्यांना पुन्हा गाठले नाही. ग्रामसभेच्या ठरावासह प्रस्ताव आता वन विभागाकडे गेला आहे. सोबतच्या नकाशात त्यांचा हिस्सा कोरा ठेवला आहे.