दोन बोटं, वीस टक्के

साकीनाक्याच्या एका गाळ्यात मी पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर होतो. २०२१च्या पावसाळ्यात प्रेस आपोआप दुसऱ्यांदा खाली आली आणि डाव्या हाताचं मधलं बोट आणि अनामिका मुळापासून गेली. शेठनेच पालिकेच्या रुग्णालयात नेलं. एमएलसीच्या (पोलिसांना कळवायच्या केसच्या) कागदावर ‘कामावर असताना मशीनमध्ये हात’ अशी ओळ पडली. पुढे सगळ्यात जास्त तीच कामी आली.

पट्टी निघायच्या आत शेठ पन्नास हजार आणि स्टॅम्पपेपर घेऊन घरी हजर. ‘पूर्ण भरपाई पोचली, तक्रार नाही.’ बायकोने मला सही करू दिली नाही. वकीलबाई म्हणाल्या, केली असती तरी १९२३च्या (तेव्हा लागू असलेल्या) कामगार भरपाई कायद्याचं कलम १७ आहे. हक्क सोडून देणारा करार चालतच नाही. त्यांचा पहिला प्रश्न मात्र ‘ईएसआय (कामगार राज्य विमा) कापतात का?’ हा होता. ते असतं तर पैसे तिकडूनच मिळाले असते, मालकावर दावा करता आला नसता. आमच्याकडे माणसं सहाच, म्हणून ईएसआय नाही.

मग हिशेब. कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक अवयवाचे टक्के छापलेले होते: एका हाताची दोन बोटं, २०. माझा पगार १८,०००, पण तेव्हा कायदा १५,०००च्या वर बघत नव्हता (महागाई बघत होता की नाही, देव जाणे). त्याचे ६० टक्के ९,०००. माझं वय चाळीस, त्यासाठी गुणक १८४.१७. गुणाकार १६,५७,५३०, त्याचे २० टक्के ३,३१,५०६ रुपये. पाच मिनिटांत झालं.

वेळ गेला तो मी तिथे कामाला होतो हे सिद्ध करण्यात. नेमणूकपत्र नाही, पगार रोख, हजेरीची वही ‘सापडत नाही’. शेठच्या मोबाइलवरून आलेले उचलीचे गुगल पेचे पैसे, ‘उद्या सातला ये’ असे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि काम सोडून गेलेला एक सोबती, एवढ्यावर मालक-कामगाराचं नातं उभं राहिलं. तेव्हा मालकाच्या वकिलाने पवित्रा बदलला: प्रेसमध्ये हात जाऊ नये म्हणून बसवतात तो गार्ड यानेच मुद्दाम काढला. हा मुद्दा पोकळ नव्हता. कामगाराने सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढलं आणि इजा माझ्यासारखी अंशतः असेल, तर भरपाई बुडू शकते. पण त्या प्रेसला गार्ड कधी बसवलेलाच नव्हता. सोबत्याने तेच सांगितलं. उलटतपासणीत त्याला गार्डचा रंग विचारला. ‘नव्हता त्याला रंग कुठला?’ म्हणाला. न्यायाधीशही हसले.

तारखा बऱ्याच पडल्या. शेवटी पूर्ण रक्कम, १२ टक्के सरळ व्याज आणि बायकोने पिशवीत जपलेल्या औषधांच्या बिलांचे पैसे मंजूर झाले. उशिराबद्दल ५० टक्क्यांपर्यंत दंड लावता येतो, तो कोर्टाने लावला नाही. शेठ हायकोर्टात जाणार म्हणाला. पण मालकाला अपील करायचं तर मंजूर रक्कम आधी भरावी लागते. हे कळल्यावर त्याने पैसे भरले आणि अपिलाचा विषय काढला नाही.