मॅक मिनी घेताना: बेस मॉडेल की वरचे?

२०२४ च्या अखेरीस आलेल्या मॅक मिनीची, म्हणजे अॅपलच्या पडदा नसलेल्या छोट्या संगणकाची, निवड वरवर पाहता सोपी असायला हवी, कारण पेटी एकच, रंग एकच आणि आकारही एकच आहे: साधारण पावणेतेरा सेंटिमीटर लांबी-रुंदी आणि पाच सेंटिमीटर उंची. तरीही मागणी नोंदवताना चिप, मेमरी (रॅम), साठवण आणि इथरनेट (तारेने जोडायचे नेटवर्क) असे प्रश्न एकामागून एक समोर येतात आणि प्रत्येक ‘होय’बरोबर रक्कम वाढत जाते. माझे काम मजकुराचे संपादन, पुस्तकाच्या पानांची जुळणी, रॉ स्वरूपातील छायाचित्रे आणि अधूनमधून एखादा लहान व्हिडिओ असे आहे. या कामासाठी बेस मॉडेल, म्हणजे सर्वांत स्वस्त रूप, पुरेल का, आणि पुरणार नसेल तर जास्तीचे पैसे नेमके कशात घालावेत, याचा मी बराच विचार केला. त्यातून हाती लागलेली कसोटी अशी: जे नंतर बाहेरून जोडता येते त्यासाठी आज पैसे मोजू नयेत, आणि जे कधीच बदलता येणार नाही त्याबाबत हात आखडता घेऊ नये.

‘आत्ता बेस घ्या, रॅम नंतर वाढवा’ हा सल्ला एके काळी योग्यच होता. २०१२ च्या मॅक मिनीचे तळाचे गोल झाकण फिरवले की मेमरीच्या पट्ट्या समोर दिसत आणि कोणीही त्या बदलू शके. २०१४ च्या मॉडेलमध्ये मेमरी मुख्य बोर्डावर कायमची जोडली गेली. २०१८ मध्ये पट्ट्या परत आल्या, पण त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी जवळजवळ सगळे यंत्र उघडावे लागे. २०२० मध्ये एम१ चिप आली आणि हा विषय कायमचा संपला, कारण तेव्हापासून मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली असते आणि सीपीयू (मुख्य प्रोसेसर) व जीपीयू (ग्राफिक्सचा प्रोसेसर) तीच सामायिकपणे वापरतात. या रचनेचे फायदे खरे आहेत, वेग त्यातूनच येतो. परंतु खरेदीच्या दिवशी निवडलेला आकडा यंत्राच्या शेवटच्या दिवसापर्यंत तोच राहतो. जुना सल्ला आजही सवयीने दिला जातो, तो या यंत्राला लागू पडत नाही.

आता १६ जीबी पुरेल का? बेस मॉडेलमधील मेमरी २०१४ मध्ये ४ जीबी होती, २०१८ मध्ये ८ झाली आणि २०२४ मध्ये १६. दर काही वर्षांनी दुप्पट होणाऱ्या या आकड्यावरून, बेस मॉडेल विकत घेतले त्या दिवशी सुस्थितीत असते आणि पुढच्या दुपटीच्या सुमारास कुरकुरू लागते, एवढा अंदाज बांधता येतो. २०१८ ते २०२४ या काळात ८ जीबीचे बेस मॉडेल घेणाऱ्याला मी तेव्हाही सावध केले असते. १६ जीबीबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. सर्वसाधारण वापरासाठी हे बेस मॉडेल मिनीच्या इतिहासातील सर्वांत उदार मॉडेल आहे, असे माझे मत आहे.

पण सर्वसाधारण वापर म्हणजे काय, हे दुसऱ्याच्या मतावरून ठरवण्यापेक्षा हाताशी असलेल्या यंत्रावर मोजणे अधिक बरे. ज्यांच्याकडे आधीचा एखादा मॅक आहे त्यांनी ‘अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर’ उघडून मेमरीचा भाग पाहावा. तिथे ‘मेमरी यूज्ड’ या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण रिकामी पडलेली मेमरी मॅकओएस ही मॅकची प्रणाली फाइलींच्या कॅशसाठी (तात्पुरत्या साठ्यासाठी) वापरून टाकते आणि म्हणून मेमरी कितीही असली तरी ती बरीचशी भरलेलीच दिसते. पाहायचा तो ‘मेमरी प्रेशर’चा आलेख आणि त्याशेजारचा ‘स्वॅप यूज्ड’ हा आकडा. मेमरी कमी पडू लागली की प्रणाली आधी तिच्यातील मजकूर दाबून लहान करते, ही सोय २०१३ पासून आहे, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर काही भाग एसएसडीवर, म्हणजे आतल्या साठवणीवर, हलवते; हाच स्वॅप. आलेख हिरवा असेपर्यंत चिंता नाही, पिवळा झाला की प्रणाली तडजोडी करू लागली आहे आणि लाल झाला की तुम्हाला थांबावे लागणार आहे. माझ्या ८ जीबीच्या एम१ वर ब्राउझर, पानांच्या जुळणीचे सॉफ्टवेअर आणि छायाचित्रांचे सॉफ्टवेअर एकाच वेळी उघडे असले की आलेख पिवळा राहतो आणि स्वॅप चार-पाच जीबींवर जातो. म्हणजे आजच्या कामाला मला १६ जीबी जेमतेम का होईना पुरते. प्रश्न उरतो तो पुढच्या पाच-सहा वर्षांचा, आणि त्यासाठी २४ जीबीची पायरी मला पटते. हे मोजमाप कामाच्या खऱ्या दिवशी, सगळे नेहमीसारखे उघडे असताना करावे. यंत्र नुकतेच सुरू केलेले असताना घेतलेला आकडा काहीच सांगत नाही.

याच हिशेबात अलीकडे एक नवा मुद्दा शिरला आहे, तो म्हणजे भाषा-प्रारूपे (चॅटजीपीटीसारख्या संवादी एआयमागची प्रारूपे) स्वतःच्या यंत्रावर चालवणे. इथे मेमरीचे गणित अगदी उघड आहे. आठ अब्ज पॅरामीटरचे (म्हणजे प्रारूपाने शिकलेल्या आकड्यांचे) प्रारूप, प्रत्येक आकडा चार बिटांत आणला की, साधारण पाच जीबी जागा घेते, चौदा अब्जांचे नऊच्या आसपास, आणि बत्तीस अब्जांचे वीस जीबींच्या घरात जाते. शिवाय सगळी मेमरी जीपीयूला मिळत नाही. प्रणाली आपल्यासाठी एक मोठा हिस्सा राखून ठेवते, आणि १६ जीबीच्या यंत्रावर ब्राउझरही चालू ठेवायचा असेल तर आठ अब्जांच्या प्रारूपापलीकडे जाणे अवघड होते. वेगाची मर्यादा मेमरीच्या बँडविड्थवरून, म्हणजे तिच्यातून सेकंदाला किती डेटा वाचता येतो यावरून, ठरते, कारण प्रत्येक नव्या शब्दतुकड्यासाठी जवळजवळ संपूर्ण प्रारूप मेमरीतून वाचावे लागते. बेस मॉडेलमधील एम४ चिपची बँडविड्थ सेकंदाला १२० जीबी आहे. तिला पाचने भागले की आठ अब्जांच्या प्रारूपासाठी सेकंदाला चोवीस तुकडे ही वरची सीमा मिळते, आणि प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतात. वरच्या मॉडेलमधील एम४ प्रो ची बँडविड्थ २७३ जीबी आहे, म्हणून तिथे हा वेग दुपटीहून अधिक होतो. ज्यांना हे काम रोज आणि गंभीरपणे करायचे आहे त्यांनी बेस मॉडेलचा विचार सोडलेलाच बरा. मला ते करायचे नाही. ‘उद्या कदाचित लागेल’ या भीतीपोटी आज पैसे मोजण्याला मी गरज म्हणत नाही.

साठवणीकडे वळल्यावर मात्र माझी कसोटी उलट उत्तर देते. बेस मॉडेलमधील २५६ जीबी हा आकडा २०२० पासून जागचा हललेला नव्हता, आणि तो अपुरा आहे ही तक्रार रास्तच आहे. पण मिनी हे टेबलावर एका जागी राहणारे यंत्र आहे. लॅपटॉपला लटकणारी बाहेरची डिस्क रोजची डोकेदुखी ठरते. मिनीच्या मागे एकदा जोडलेली डिस्क कोणाच्या लक्षातही राहत नाही. सेकंदाला १० गिगाबिटच्या यूएसबी डिस्कवर सुमारे एक हजार मेगाबाइटचा वेग मिळतो, आणि मागच्या थंडरबोल्ट या अधिक वेगवान पोर्टवर ४० गिगाबिटची डिस्क लावली तर तीन हजारांच्या आसपास जाता येते, जे छायाचित्रांच्या संग्रहासाठी भरपूर आहे. फोटोजची लायब्ररी, व्हिडिओचे प्रकल्प, जुन्या पुस्तकांच्या फाइली हे सगळे बाहेर ठेवता येते. आत राहते ती प्रणाली, अ‍ॅप, मेलचा साठा, मोठ्या अपडेटसाठी लागणारी मोकळी जागा आणि, आयफोनचा बॅकअप मॅकवर घेत असल्यास, तो बॅकअप. हा शेवटचा घटक पुष्कळांच्या हिशेबातून निसटतो आणि नंतर एकदम पन्नास-शंभर जीबी गिळून बसतो. मी तो क्लाउडवर ठेवतो, म्हणून मला २५६ पुरते. ज्यांना फाइली दोन ठिकाणी विभागण्याचा मनस्वी कंटाळा आहे त्यांनी ५१२ घ्यावे आणि निर्धास्त व्हावे. मनःशांतीलाही किंमत असते, फक्त ती आपण कशासाठी देत आहोत हे माहीत असावे.

साठवणीचा आणखी एक बारकावा आहे. २०२३ च्या एम२ मिनीत २५६ जीबीसाठी एकच फ्लॅश चिप (साठवणीची चिप) वापरली होती, आणि दोन चिप समांतर वाचता न आल्यामुळे तिचा वाचनाचा वेग आधीच्या एम१ मिनीच्या निम्म्याच्या आसपास आला होता. म्हणजे बेस आणि अपग्रेड यांच्यातला फरक नेहमीच तपशिलाच्या यादीत छापलेला नसतो, आणि नवे मॉडेल आल्यावर पहिल्या चाचण्या वाचेपर्यंत थांबणे शहाणपणाचे ठरते. एम४ मिनीत साठवण सुट्या मॉड्यूलवर आहे, त्यामुळे ती नंतर बदलण्याची आशा काहींना वाटते. पण ते नेहमीचे एनव्हीएमई कार्ड (बाजारात सुटे मिळणारे एसएसडी कार्ड) नाही. साठवणीचा नियंत्रक मुख्य चिपमध्येच आहे, मॉड्यूलवर केवळ फ्लॅश असते, आणि बदलल्यावर दुसऱ्या मॅकच्या साहाय्याने सगळी प्रणाली नव्याने बसवावी लागते. ज्याला स्क्रूड्रायव्हरची आवड आहे त्याने जरूर करावे; खरेदीचा निर्णय त्या भरवशावर घेऊ नये.

चिपबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण इथे बहुतेकांचे उत्तर एकच येते. एम४ मध्ये दहा कोअर (गणना करणारे स्वतंत्र भाग) आहेत, चार वेगवान आणि सहा काटकसरी. एम४ प्रो मध्ये बारा किंवा चौदा, त्यांपैकी आठ किंवा दहा वेगवान. दोन्हींतील एका कोअरचा वेग मात्र जवळजवळ सारखाच आहे, आणि ब्राउझर उघडणे, पान खाली-वर सरकवणे, मजकुरात शोधणे ही कामे त्या एका कोअरवरच अवलंबून असतात. व्हिडिओ निर्यात करणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे: दोन्ही चिपांत व्हिडिओ एन्कोड करणारे खास एंजिन एकेकच आहे, म्हणून साध्या एचईव्हीसी (व्हिडिओ दाबण्याचे एक प्रचलित स्वरूप) निर्यातीत प्रो चा लाभ वाटतो त्याहून कमी असतो. प्रो ची खरी गरज आहे ती तासन्‌तास कोड कंपाइल करणाऱ्यांना, त्रिमितीय चित्रणाचे काम करणाऱ्यांना, अनेक थरांचे संगीत बांधणाऱ्यांना आणि वर सांगितलेली प्रारूपे चालवणाऱ्यांना. शिवाय एवढ्याशा पेटीत एम४ चा कमाल वीजवापर ६५ वॅट आहे आणि प्रो चा १४०. ती उष्णता बाहेर काढणारा पंखा दोन्हींत सारख्याच शांतपणे फिरेल अशी अपेक्षा करणे बरोबर नाही.

आता किमतीच्या रचनेबद्दल. हा मिनी बाजारात आला तेव्हा मेमरी १६ वरून ३२ आणि साठवण २५६ वरून ५१२ केली की यंत्राची किंमत मूळ किमतीच्या जवळपास दुप्पट होत असे, म्हणजे त्याच पैशांत दोन बेस मिनी आले असते. आणि २४ व ५१२ वर थांबणाऱ्यालाही, ‘आता प्रो किती दूर आहे’ हा विचार छळू लागतो, कारण प्रो ची सुरुवातच २४ आणि ५१२ पासून होते. ही मांडणी योगायोगाने झालेली नाही. म्हणूनच मी पायऱ्या चढत जाण्याऐवजी आधी गरज कागदावर लिहिली आणि मगच किमती पाहिल्या. बेस मॉडेलच्या बाजूने एक व्यवहारी मुद्दाही आहे: जुने यंत्र विकताना अपग्रेडसाठी मोजलेल्या रकमेचा फार थोडा भाग परत मिळतो, त्यामुळे लवकर यंत्र बदलणाऱ्याला बेस घेऊन चार वर्षांनी पुन्हा बेसच घेणे अनेकदा स्वस्त पडते.

विंडोज किंवा लिनक्स चालवणाऱ्या छोट्या पेट्यांत हे सगळे गणित वेगळे होते. त्यांपैकी पुष्कळ यंत्रांत मेमरीच्या दोन खाचा आणि एनव्हीएमईची जागा असते, म्हणून तिथे कमीत कमी मेमरीचे मॉडेल घेऊन उरलेले स्वतः बसवणे हाच शहाणा मार्ग आहे. एकच काळजी घ्यावी लागते: पट्टी एकच असेल तर दुसरी जोडून मेमरीचे दोन्ही मार्ग (चॅनेल) भरावेत, कारण अंगभूत ग्राफिक्सचा वेग त्यावर बराच अवलंबून असतो. अर्थात तिथेही काही नव्या यंत्रांत एलपीडीडीआर मेमरी बोर्डावर कायमची जोडलेली असते. अशा वेळी मिनीचेच नियम लागू होतात.

इथरनेटचा पर्याय मी लगेच वगळला. दहा गिगाबिटचा लाभ पलीकडचा स्विच आणि साठवणयंत्र त्या वेगाचे असतील तरच होतो, आणि कधी गरज पडलीच तर थंडरबोल्टचे अ‍ॅडॅप्टर मिळते.

तेव्हा माझी मागणी अशी ठरली: साधी एम४ चिप, २४ जीबी मेमरी, २५६ जीबी साठवण आणि बाहेर एक टीबीची एसएसडी. प्रो न घेतल्यामुळे वाचलेली रक्कम मी पडद्यावर खर्च करणार आहे, कारण मिनीबरोबर पडदा, कीबोर्ड, माउस यांपैकी काहीच येत नाही आणि दिवसभर मजकूर वाचणाऱ्याला प्रोसेसरपेक्षा अक्षरांच्या कडा अधिक जाणवतात. मॅकओएसची अक्षरे इंचाला सुमारे २२० ठिपक्यांवर सर्वांत नेटकी दिसतात. सत्तावीस इंची फाइव्ह-के पडदा त्या आकड्याजवळ आहे, तेवढ्याच आकाराचा फोर-के पडदा १६३ वर थांबतो. दोन्हींवर देवनागरीचे एकच पान उघडून, जोडाक्षरे नऊ-दहा पॉइंटांत कशी दिसतात ते पाहिल्यावरच पडद्याची मागणी नोंदवेन.