अजून अडीच फूट आसा

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी ‘काहीतरी लिहून पाठव’ असा निरोप आला. मुख्याध्यापक, स्नेहसंमेलनं, कबड्डीची ढाल यांवर बाकीची मंडळी लिहितीलच. मला शाळा म्हटलं की जांभ्याच्या भिंतींची टेक्निकलची शेड आणि वर्कशॉपचे सर, एवढंच आठवतं. नाव मुद्दाम लिहीत नाही. छापील कागदावर नाव दिसलं की सर अवघडून जायचे. आणि ज्यांनी त्यांची टपली खाल्ली आहे, त्यांना ते सांगायची गरज नाही.

आईच्या दुखण्यामुळे गावी परतण्याआधी सर कोइमतूरला रेसच्या गाड्यांच्या चासी, म्हणजे नळ्या जोडून केलेल्या सांगाड्याच्या चौकटी, बनवायचे. ते कोइमतूरच्या करिवर्धन यांचे, रेसच्या गाड्या घडवणाऱ्या माणसाचे, दिवस. मारुती 800चं 796 सीसीचं इंजिन एका माणसाच्या गाडीला बसवून करिवर्धन यांनी फॉर्म्युला मारुती उभी केली आणि रेसिंग थोडं तरी आवाक्यात आणलं. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरच्या शर्यतींबद्दल सर तासन् तास बोलत, पण स्वतः काय जोडलं ते विचारलं की, “कानस घे हातात,” म्हणत. 1995 साली करिवर्धन विमान अपघातात गेले. त्या दिवशी वेल्डिंग मशीन बंद होतं. आम्हाला वाटलं, लाइट गेली.

मी तेव्हा नववीत. बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. पावसाळ्यात वेल्डिंगचे रॉड दमट होतात, मग जोडात बारीक भोकं राहतात. म्हणून सरांनी एका लाकडी खोक्यात बल्ब पेटता ठेवून त्यात रॉड ठेवले होते. (त्याच खोक्यावर आमचे ओले मोजेही सुकायचे.) त्या दिवशी त्यांनी जळक्या ऑइलच्या फडक्यात गुंडाळलेली तीन फुटांची एक नळी काढून माझ्या हातात दिली. “हिचा टोक दुसऱ्या नळीवर बसव.”

नळीवर नळी आडवी बसायची तर तिचं टोक आ वासलेल्या बांगड्यासारखं कापावं लागतं. इंग्रजीतही त्याला फिशमाउथच म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. मी समजत होतो, सरांनी ही उपमा मालवणच्या बंदरावरून उचलली. नळीभोवती कागद गुंडाळून आकार आखायचा, हॅकसॉने कापायचं, मग अर्धगोल कानशीने थोडं थोडं घासायचं. मी घाई केली. चांगली दोन मिलिमीटरची फट राहिली.

“सर, वेल्डिंगने भरून काढतो.”

“मेल्या, वेल्डिंग म्हणजे काय लांबी भरूची आसा?” (लांबी म्हणजे फटी बुजवायचा लगदा.)

मग समजावलं. जिथे धातू जास्त ओतशील, तिथे थंड होताना तो नळी आपल्याकडे ओढणार. एक जोड ओढला की चौकटीचे कर्ण चुकतात, आणि कर्ण चुकलेली गाडी वळणावर सरळ राहत नाही. सगळं ऐकून मी मान खाली घातली, तर म्हणाले, “अजून अडीच फूट आसा. काप परत.”

मी परत कापलं. परत चुकलं. दोन फूट आसा. दीड फूट आसा. तिसऱ्या दिवशी कागदही सरकणार नाही असा जोड बसला, तेव्हा हातात वीतभर नळी उरली होती. कोइमतूरहून आणलेला तो शेवटचा तुकडा होता, हे मला शिपाईकाकांनी सांगितलं. सरांनी कधीच नाही.

आज मी चाकणला जिग-फिक्श्चर, म्हणजे काम करताना सुटे भाग जागच्या जागी धरून ठेवणारे साचे, बनवतो. इंजिनिअरिंगच्या पोरांबरोबर दोनदा फॉर्म्युला भारतला, म्हणजे विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसगाड्यांच्या स्पर्धेला, गेलो, कोइमतूरलाच, करिवर्धन यांच्या नावाच्या ट्रॅकवर. तिथे गाडी 60 अंशांत तिरकी करून बघतात, पेट्रोलचा थेंब गळता कामा नये. आमची एकदा गळली. चासीचा एक जोडही असाच भरून काढलेला निघाला. मी आधी पोरावर ओरडलो, मग ग्राइंडर दिला. सरांचा धीर माझ्यात नाही.

सर गेले तेव्हा मी आलो नाही. कामाची डेडलाइन होती, असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं.

शेडमध्ये आता कॉम्प्युटर लॅब आहे. एसी लागतो म्हणून खिडक्या बंद केल्यात. वर्कशॉपचं सामान भंगारात गेलं म्हणे. त्यात मुठीला सुतळी गुंडाळलेली एक अर्धगोल कानस होती. कुणी घरी नेली असेल तर कळवा. परत मागणार नाही, एकदा बघायची आहे.